नदीपलीकडचे नातेवाईक

रोड ट्रिप म्हटलं की आपली गाडी लडाखला जाऊन थांबते. मी म्हणतो, नकाशात थोडं आणखी वर सरका. ताजिकिस्तानातलं गोर्नो-बदख्शान! देशाचा जवळजवळ निम्मा भूभाग, माणसं मात्र जेमतेम दोन-तीन टक्के. इथला पामीर हायवे अक-बैताल खिंडीत ४,६५५ मीटरवर चढतो. भन्नाट!

पण मला खरी चटका लावते ती पंज नदी. आपली साम्राज्यं एकमेकांना भिडू नयेत म्हणून ब्रिटन आणि रशियाने १८७३ आणि १८९५ च्या करारांत तिला सीमा केलं. वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानकडे गेली. दोन्ही काठांवर वाखी बोलणारी एकच माणसं. पुढे सोव्हिएत काळात ही सीमा बंदच झाली. काठावर उभं राहिलं की समोरचं गाव स्पष्ट दिसतं, पण तिथे जायला व्हिसा लागतो.