गॅरेजातली गाडी परीक्षेला बसते

मंडळाच्या कार्यक्रमात भेटलं की आम्हाला एकच प्रश्न, "काय, गाडी रस्त्यावर कधी?" आम्ही म्हणजे गणपतीचं मखर उभारणारे तिघे. दोन वर्षं गॅरेजात सुट्या भागांतून स्पोर्ट्स कार जोडत होतो. २०२३ च्या जुलैत ती तपासणीला नेली. घाईला कारण होतं. आमच्यातला एक सप्टेंबरअखेर कायमचा पुण्याला परतणार होता, आणि एकदा तरी ती त्याला चालवायची होती.

ही इथली जुनी हौस. १९५७ साली लोटस सेव्हन निघाली तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक पाने घेऊन बसले. १९७३ साली व्हॅट आला, सवलत गेली, हौस राहिली. १९९८ पासून अशा गाड्यांना एसव्हीए ही तपासणी लागली, २००९ पासून तिच्या जागी आयव्हीए आली. एमओटीत गाडी अजून चालवण्याजोगी आहे का ते पाहतात. इथे ती मुळात नीट बांधली आहे का ते. आणि ती आपणच बांधली याचा पुरावाही लागतो. आमच्या पावत्या बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात होत्या, फोटो मात्र तारीखवार. प्रयोगशाळेतली सवय कामाला आली.

आम्हाला वाटलं होतं, इंजिन आणि ब्रेक ठीक म्हणजे झालं. खरा अभ्यास निघाला कडांचा. १०० मिलीमीटर व्यासाचा चेंडू जिथे टेकेल तिथली बाहेरची कड निदान २.५ मिलीमीटर त्रिज्येची गोल हवी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला धक्का लागला तर त्याची कातडी फाटू नये. मऊ रबराला सूट. आत डॅशबोर्डसाठी १६५ मिलीमीटरचा गोळा, म्हणजे आपलं डोकं! चेंडूसाठी आम्ही कॅलिपर घेऊन सुपरमार्केटात ग्रेपफ्रूट मोजले. (लोक बघत होते.) मग जुन्या सुती साडीचा तुकडा सगळ्या गाडीवरून फिरवला, धागा अडकला की कड सापडली. बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या, पत्र्याला रबरी पट्टी, दिव्यांच्या कंसांना कानस. सहा शनिवार गेले. घरच्यांनी साडीबद्दल काय ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

स्पीडोमीटरचीही गंमत आहे. त्याने वेग थोडा जास्त दाखवला तर चालतं, कमी दाखवलेला अजिबात चालत नाही.

तपासनीस शांत गृहस्थ होते. ट्रे उचलून पाहिला, आरशात पाहिलं, सायलेन्सरजवळ आवाज मोजला. कडांत एकही चूक निघाली नाही. मग त्यांनी गाडी हळू वळवून स्टिअरिंग सोडलं. चाकं आपणहून सरळ व्हायला हवीत. आमची वळलेलीच राहिली. नापास. साडेचारशे पौंड भरले होते, फेरतपासणीचे आणखी नव्वद.

चूक आमचीच. पुढची चाकं ज्या कलाने बसवायची तो कॅस्टरचा कोन कमी पडला होता, आणि गाडी इतकी हलकी की तेवढ्याने तिला सरळ होण्याची ओढच नव्हती. आम्ही साडी फिरवत बसलो, पण मोकळ्या मैदानात एकदा हात सोडून पाहायचं सुचलं नाही. पुढचे वरचे सांधे मागे सरकवले, चाकांची दिशा पुन्हा जुळवली, आणि या वेळी रिकाम्या पार्किंगमध्ये वीस फेऱ्या मारल्या. ऑगस्टात पास झालो.

नोंदणीचे कागद आणखी महिनाभर अडकले. इंजिन एका गाडीचं, मागचा आस दुसरीचा, त्यामुळे नंबर मिळाला क्यू अक्षराचा, म्हणजे वय अनिश्चित. पाटी आली गुरुवारी, मित्राचं विमान रविवारी. शनिवारी पाऊस होता आणि गाडीला टप नाही. तो रेनकोट घालून बसला आणि चाळीस मैल परत आलाच नाही.