वल्हांडणाची बेगमी

दिवाळी जवळ आली की आपल्या घरी माळ्यावरचे डबे खाली उतरतात. महाराष्ट्रातील बेने इस्राएल घरांत ही धांदल वल्हांडणापूर्वी उडते. खमीर घातलेल्या अन्नाचा कणही घरात उरता कामा नये, असा दंडक! आदल्या रात्री दिवा घेऊन कोनाकोपरा धुंडाळावयाचा. पोरे रिकाम्या हाती परतू नयेत म्हणून पावाचे तुकडे आधीच दडवून ठेवण्याची यहुदी रीत आहे. मग आठ दिवस बिनखमिराची भाकर.

सणाच्या रात्री मान असतो तो सर्वांत धाकट्याचा. त्याने चार प्रश्न विचारावयाचे आणि वडिलांनी मिसर देशातील गुलामगिरीची व सुटकेची कथा सांगावयाची. ती समजावी म्हणून 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह ‘हग्गादा’ छापली गेली.

1948 नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे नातवंडांची बोली हिब्रू, आजीची मराठी! आजीने आपल्या बोलीत सांगितलेली कथा त्यांना कळावयाची, तर मराठीची तयारीही वर्षभर घरातच व्हावयास हवी.