झाड पाडताना घ्यावयाची दक्षता

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा व चंदगड या तालुक्यांत बांधावर व डोंगरउतारावर ऐन, किंजळ, जांभूळ, फणस अशी मोठी झाडे आढळतात. भाताची सुगी आटोपली म्हणजे शेतकऱ्याचे लक्ष लाकूडतोडीकडे वळते. तोडणारा बहुधा अनुभवी असतो. परंतु हा अनुभव पुष्कळदा कुऱ्हाड चालविण्याचा असतो, झाड पाडण्याचा नव्हे.

बुंध्याभोवती फिरून चोहोबाजूंनी घाव घालण्याची पद्धत सर्वांत घातक होय. मध्यभागी राहिलेला गाभा अखेरीस कोणत्या बाजूस मोडेल, हे सांगता येत नाही. झाड मग वाऱ्याच्या झोताने अथवा फांद्यांच्या भाराने कोठेही कोसळते. एकाच बाजूने सरळ कापत जाणे हेही तितकेच वाईट. विशेषतः कललेल्या झाडाचे खोड अशा वेळी पुरते कापले जाण्यापूर्वीच उभे चिरते आणि चिरलेला भाग मागे उसळून कापणाऱ्याच्या छातीवर वा तोंडावर आदळतो. त्या क्षणी पळावयास अवधी मिळत नाही.

सुरक्षित रीत अशी. झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस प्रथम खाच घ्यावी. बुंध्याचा व्यास ४० सें.मी. असल्यास खाच सुमारे १० सें.मी. खोल असावी. त्यानंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा ३ ते ५ सें.मी. उंचीवर, करवतीने आडवा काप घ्यावा. हा काप खाचेस भिडवू नये. मध्ये सुमारे ४ सें.मी. जाडीची लाकडाची पट्टी राखावी. दाराच्या बिजागरीप्रमाणे ही पट्टी झाडास वळण देते व ठरलेल्या दिशेनेच खाली आणते. एवढेसे लाकूड कशास ठेवावयाचे, असे वाटून ते कापण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु झाडावरील ताबा त्या पट्टीमुळेच राहतो. करवत अडकू लागल्यास मागील कापात लाकडी पाचर ठोकावी.

काप घेण्यापूर्वीच माघारीची वाट मोकळी करावी. ती पडण्याच्या दिशेच्या उलट, परंतु तिरकस असावी. बुंधा सरळ मागेही सरकतो. उतारावर कापणाऱ्याने वरच्या अंगास राहावे, कारण ओंडका खाली गडगडतो. इतरांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबावे. वाळक्या फांद्या आधी पाहून ठेवाव्यात. जवळून विजेच्या तारा जात असल्यास महावितरणला कळवून वीजप्रवाह बंद करून घेतल्याखेरीज काम आरंभू नये.

अलीकडे यांत्रिक साखळी करवत खेडोपाडी पोहोचली आहे. तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागताच पाते वर व मागे उसळते. म्हणून टोकाने कापू नये आणि खांद्याच्या वर ती उचलू नये.

पडणारे झाड शेजारच्या झाडात अडकले, तर त्याखाली कोणीही जाऊ नये, अथवा ज्यावर ते टेकले आहे ते झाड तोडू नये. दुरून लांब दोराने बुंधा ओढून ते मोकळे करावे.

ऐन, किंजळ, जांभूळ व फणस ही महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतात असली तरी ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.