नाशिकच्या थंडीचा जमाखर्च

मार्गशीर्ष लागला म्हणजे नाशिकच्या थंडीची वाखाणणी सुरू होते. इंदिरानगरासारख्या वस्तींत राहणाऱ्या गृहस्थास ही थंडी सर्वथैव सुखाची वाटते. सकाळीं फिरावयास जावें, कोंवळें ऊन्ह अंगावर घ्यावें, भूक चांगली लागावी, भाजीपाला ताजा मिळावा, आणि रात्रीं दारें लावून स्वस्थ निजावें. त्याच्या वहींत खर्चाची बाजू जवळ जवळ कोरीच असते. परंतु आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं बिऱ्हाडें मुलांच्या शिक्षणासाठीं अशा वस्त्यांत, व जमिनी मात्र निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत आहेत. एकच मनुष्य सायंकाळीं थंडीचें कौतुक करितो आणि पहाटेस मळ्यांत जाऊन कपाळास हात लावितो, हा प्रकार त्यांच्या घरीं नवा नाहीं. तेव्हां थंड हवेंत राहणें लाभाचें कीं तोट्याचें, हा प्रश्न शेतकऱ्यानें शहरवासीयाच्या तोंडून न ऐकतां आपल्या बांधावर उभें राहून सोडवावा, हें बरें.

प्रथम ही थंडी इतकी तीव्र कां होते, तें पाहूं. नाशिकचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारें 600 मीटर उंच आहे. हिवाळ्यांत येथें आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशांत सोडते, आणि ढगांचें पांघरूण नसल्यामुळें ती परत येत नाहीं. त्यांतच उत्तरेकडील कोरडे वारे सुटले म्हणजे पारा झपाट्यानें उतरतो. गार हवा जड असल्यानें पाण्याप्रमाणें सखल भागाकडे वाहते. म्हणून गोदावरी व कादवा यांच्या कांठच्या मळ्यांत ती येऊन सांचते. शहरांत सिमेंटच्या भिंती व डांबरी रस्ते दिवसाचें ऊन्ह धरून ठेवतात, त्यामुळें एकाच रात्रीं इंदिरानगर व निफाड यांच्या पाऱ्यांत पुष्कळ अंतर पडतें. जानेवारी 1945 मध्यें खुद्द नाशिकचा पारा शून्याच्या अगदीं जवळ गेला होता. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडास तो दोन अंशांच्या आसपास होता. हे आंकडे सावलींतल्या पेटींत ठेवलेल्या उष्णतामापकाचे असतात. उघड्यावरील पान त्याहूनही गार होतें, आणि म्हणूनच पारा शून्यावर नसतांना पानावरचें दंव गोठलेलें दिसतें.

आतां जमेची बाजू. हिच्यांत गहू पहिला. गव्हास थंडी मिळाली तरच फुटवे भरपूर येतात, ओंबी लांब होते व दाणा सावकाश भरून टपोरा होतो. ऊब लवकर आली तर पीक घाईनें पिकतें आणि दाणा बारीक राहतो. निफाडजवळ कुंदेवाडी येथें गव्हाचें संशोधन केंद्र आहे, तें या थंडीच्या जोरावरच. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी हे वाण ऐकून एखाद्यास तीर्थयात्रेची यादी वाटेल, पण हे सारे तेथलेच गहू. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत व्हावी; पुढें प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरामागें हेक्टरीं सुमारें अडीच क्विंटल उतारा घटतो, असें कृषि विद्यापीठाचें सांगणें आहे. हें नुकसान खतानें भरून निघत नाहीं. थंडीचे दिवस मोजके असतात, आणि उशिरा पेरणारा तेच वायां घालवितो.

हरभऱ्यासही ही हवा मानवते, मात्र ऐन फुलोऱ्यांत कडाका लांबला तर घाटे नीट धरत नाहींत. कांद्याची पात थंडींत चांगली वाढते. पण रोप जून झाल्यावर दीर्घ थंडी लागली तर तें डेंगळ्यावर जातें व कांदा बाजाराच्या कामाचा राहत नाहीं. ज्यास बीं धरावयाचें आहे त्यास तोच डेंगळा हवा असतो! एकाच गोष्टीचा एका वाफ्यांत तोटा व दुसऱ्यांत नफा.

खर्चाची मोठी रक्कम द्राक्षाच्या खात्यावर पडते. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. फ्रान्ससारख्या थंड देशांत वेल हिवाळ्यांत पानें टाकून निजतो. बर्फ पडलें तरी त्यास फारसें भय नसतें. तेथील बागाइतदार घाबरतो तो वसंतांतल्या हिमाला, नवे कोंब फुटल्यावर. एप्रिल 1921 ची नव्हे, अगदीं अलीकडची, एप्रिल 2021 ची गोष्ट : तेथें अशा हिमानें द्राक्षबागांची मोठी हानि झाली, व लोकांनीं रात्रभर बागेंत आगी पेटविल्या. आपल्याकडे वेल निजतच नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी करून, डोळे फुटावे म्हणून औषध लावून, आपण त्यास ऐन हिवाळ्यांत कामास लावतों. थंड देशांतला वेल ज्या काळांत विश्रांति घेतो, त्याच काळांत आपला वेल घड पोसत असतो. तेव्हां थंडीनें दगा दिला असें म्हणण्यापेक्षां, आपणच तिच्या वाटेंत घड धरिला, असें म्हणणें अधिक खरें.

कडाका पडला म्हणजे मुळ्यांचें काम मंदावतें व मण्यांची फुगवण थांबते. मण्यांत पाणी उतरूं लागल्यावर पारा एकदम खालीं गेला तर मण्यांस तडे जातात. थॉमसन व तिच्या जातींत हिरवा मणी गुलाबी होतो, आणि परदेशीं जाणारा माल बाजूस काढला जातो. भुरीचा उपद्रव असतो तो निराळाच. उपाय आहेत, पण त्यांस मर्यादा आहेत. घडांस वेळेवर कागद गुंडाळल्यास गुलाबी मणी पुष्कळ टळतात. विहिरीचें पाणी पहाटेच्या हवेपेक्षां उबदार असतें, म्हणून पहाटेस थोडें पाणी सोडणें हितकर. परंतु पिकत्या घडास तें अधिक दिलें तर तडे उलट वाढतील. शेकोट्या करावयाच्या तर बागेभर लहान लहान अनेक कराव्या. एका मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते, आणि नुसत्या धुरानें वेल शेकला जात नाहीं.

छाटणी मागें-पुढें करावी काय? लवकर छाटली तर परतीचा पाऊस फुलोऱ्यांत गांठतो व केवडा बाग खातो. उशिरा छाटली तर माल मार्चांत गर्दीवर येतो, आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपीट कोणी विसरलेलें नाहीं. निर्भय अशी तारीख पंचांगांत सांपडावयाची नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, बागेचे दोन-तीन तुकडे करून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें छाटावे, आणि कांहीं जमीन गहू-हरभऱ्यासाठीं अवश्य राखावी. द्राक्षाचा पैसा मोठा, हें आम्हांस मान्य आहे; परंतु ज्यानें सारी जमीन मांडवाखालीं घातली त्याच्या वहींत थंडीची जमेची बाजूच उरली नाहीं.

जनावरांविषयीं थोडकेंच. होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाई थंडींत खुशाल असतात व उन्हाळ्यांत धापा टाकतात. जपावयाचें तें वासरांना. त्यांच्याखालीं कोरडें काड व गोठ्यास वाऱ्याच्या बाजूनें पोत्यांचा आडोसा असावा.

राहतां राहिला माणूस, आणि जमाखर्चांत त्याचें नांव बहुधा लिहिलेंच जात नाहीं. शेतीची वीज वर्षानुवर्षें पाळीनें, कांहीं दिवस दिवसां व कांहीं दिवस रात्रीं, मिळत आली. त्यामुळें पारा पांच अंशांवर असतां दोन वाजतां उठून गव्हास पाणी द्यावयाचें, पाय गुडघ्यापर्यंत ओले, आणि शेजारच्या उसांत बिबट्या, अशी रात्र निफाडकडच्या शेतकऱ्यांनीं किती तरी काढली आहे. थंडीनें रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो. वृद्धांस व हृदयविकाराच्या माणसांस हें जागरण घातक होतें. शेतीस दिवसां वीज मिळावी या हेतूनें मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना 2017 सालीं निघाली. आपल्या फीडरास तिचा लाभ झाला नसेल, तर गांवानें एकत्र होऊन अर्ज करावा व त्याचा पाठपुरावा सोडूं नये. तोंपर्यंत रात्रीच्या पाळीस वृद्धांस धाडूं नये व कोणीही एकट्यानें जाऊं नये. पायांत रबरी बूट, हातांत विजेरी व काठी असावी. आणि परत आल्यावर ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवून कोणी निजूं नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो, आणि निजलेला मनुष्य उठत नाहीं.