तापलेली तार, छोटा घाट आणि बदलणारी चूक

मॉडेल रेल्वे आणि पीएच.डी. यांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. माझ्यापुरता तो एका तापलेल्या तारेचा आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय लहानपणी पाहिलं, तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. आता घरी एका भिंतीलगत माझा छोटासा घाट उभा राहतोय, एचओ मापाचा. म्हणजे खऱ्याच्या १/८७.

रुळांखालचा भराव मी फोमचा करते. साधा थर्मोकोल कापला की त्याचे मणी सुटतात. बांधकामात उष्णतारोधक म्हणून वापरतात तो दाट पॉलिस्टायरिन बोर्ड बरा. तो कापायला विजेवर तापणारी नायक्रोमची तार लागते. पॉलिस्टायरिन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं, त्यामुळे तार लालभडक करायची गरजच नसते. धूर निघाला तर समजायचं, तार फार तापलीये. खिडकी उघडी ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

आता चढ. बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे सुमारे २.७ टक्के. कागदावर किरकोळ वाटतो. पण तुम्हाला एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा असेल, तर मध्ये निदान ७५ मिमी जागा हवी. २.७ टक्क्यांनी तेवढं चढायला पावणेतीन मीटरहून जास्त लांबी लागते, आणि २ टक्क्यांनी पावणेचार मीटर. एवढी भिंत कुणाकडे असते? मग आपण पहिली काटछाट करतो ती सपाटीवरून चढाला लागतानाच्या वळणात. तिथे हळूहळू वाढणारा चढ न देता सरळ कोपरा काढतो.

त्या कोपऱ्यावर काय होतं ते बघा. आयसीएफच्या डब्यात मागच्या चाकांच्या संचापासून डब्याच्या टोकापर्यंतचं अंतर या मापात सुमारे ४० मिमी येतं. मागची चाकं बरोबर कोपऱ्यावर असतील, तर डब्याचं शेपूट ४० मिमीच्या २.७ टक्के, म्हणजे मिलिमीटरभर खाली झुकतं. मागचा डबा मात्र अजून सपाटीवर. एवढ्या फरकाने छोटं कपलिंग सुटू शकतं. म्हणून चढ टप्प्याटप्प्याने वाढवायचा: दर १० सेंटिमीटरला अर्धा-पाऊण टक्का.

इथपर्यंत भूमिती आहे. खरी गंमत कापताना येते. फोमच्या दोन्ही बाजूंना सनमायकाचे सारखे फर्मे लावायचे आणि तार त्यांच्या कडेवरून सरकवायची. तार फोमला चिकटून कापत नाही, आजूबाजूचं वितळवत जाते. त्यामुळे फट तारेच्या जाडीपेक्षा रुंद पडते, आणि वेग कमी झाला की आणखी रुंद. फट सगळीकडे सारखीच रुंद असेल तर काहीच बिघडत नाही, अख्खा मार्ग तेवढाच खाली बसतो. पण हात कुठे थबकतो? सुरुवातीला, शेवटी आणि जिथे आकार बदलतो तिथे. म्हणजे नेमकं जिथे गाडी आधीच अडचणीत आहे तिथेच खळगा पडतो.

हे मी आधी घाटावर शिकले असते तर बरं झालं असतं. माझं पीएच.डी.चं काम पॉलिमर फोमच्या दाबाखालच्या वर्तनावर आहे. पहिल्या वर्षी मी अशाच तारेने २५ मिमीचे ठोकळे कापले, यंत्रात दाबले, आणि एकाच बोर्डाच्या ठोकळ्यांचा कडकपणा इतका वेगवेगळा आला की मी फोमच्या रचनेबद्दल एक सिद्धांतही मांडायला घेतला होता. सरांनी वही पाहिली. सगळीकडे उंची २५.० मिमी.

"ही मोजलीस की नुसती लिहिलीस?"

नुसती लिहिली होती. व्हर्नियर लावला तर काही ठोकळे २४च्या आसपास, आणि तार जिथे शिरली त्या कडेला घसरलेले. वरखालचे पृष्ठभाग समांतर नसले की सुरुवातीला भार एकाच कोपऱ्यावर येतो आणि फोम आहे त्यापेक्षा मऊ दिसतो. वर वितळून थिजलेली कातडी असते, ती वेगळीच. तीन आठवड्यांचे आकडे बाद झाले. सिद्धांतही. माझ्या हाताचा वेग मी फोमच्या नावावर खपवत होते.

तुमची पद्धत अमुक मिलिमीटर चुकते, एवढं कळून भागत नाही. ती चूक कशाबरोबर बदलते, ते शोधावं लागतं. सारखी चूक वजा करता येते. तुम्ही ज्या गोष्टीचा परिणाम मोजताय तिच्याबरोबरच चूकही बदलत असेल, तर आलेख सुंदर येतो आणि खोटा असतो.

आता मी दोन्ही फर्म्यांवर दर सेंटिमीटरला आकडे लिहिते. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ. तो मोठ्याने म्हणतो, "एक... दोन... तीन..." आणि दोघांचीही तार एकाच वेळी त्या त्या खुणेवर हवी. फर्मे फोमच्या दोन्ही टोकांना थोडे बाहेर ठेवायचे, म्हणजे सुरुवात-शेवटाचं थबकणं हवेत होतं, फोममध्ये नाही. चढ सुरू होतो तिथे मात्र भाऊ अजूनही आकडा लांबवतो. कापून झालं की मी तिथे स्टीलची पट्टी उभी धरते आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावते. परवाच्या तुकड्यात आठ आणि नऊच्या मध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली. तो तुकडा परत कापायचाय.