इंजिनाचें तेल : केव्हां बदलावें व कोणतें घालावें

बैलगाडीच्या आंसास वंगण घालण्याचें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नसे. चाक करकरूं लागलें कीं गाडी आपण होऊनच वंगण मागे. ट्रॅक्टर, मोटार व विहिरीवरचें डिझेल इंजिन यांची गोष्ट तशी नाहीं. त्यांचें तेल निकामी झालें तरी तीं कित्येक महिने मुकाट्यानें चालतात. आणि आवाज करूं लागतात तेव्हां बेअरिंगें झिजून गेलेलीं असतात व खर्च तेलाचा न राहतां संबंध इंजिनाचा होऊन बसतो. असें नुकसान बहुधा पेरणीच्या किंवा मळणीच्या घाईंत उघडकीस येतें, कारण यंत्रावर खरा भार तेव्हांच पडतो. म्हणून या विषयाचा विचार आम्ही येथें थोड्या विस्तारानें करूं इच्छितों.

तेलाचें काम घर्षण कमी करण्यापुरतेंच आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तें पांच कामें करतें. फिरत्या भागांमध्यें पातळ पडदा धरून धातूला धातु लागूं देत नाहीं. जेथें रेडिएटरचें पाणी पोहोंचत नाहीं तेथील उष्णता वाहून नेतें. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांतील फट बुजवून दाब राखतें. इंधन जळून होणारी काजळी आपल्या अंगांत घेतें. आणि जळणांतून निघणारें आम्ल मारून गंज येऊं देत नाहीं. शेवटचीं दोन कामें तेलांत मिसळलेल्या रासायनिक द्रव्यांच्या जोरावर चालतात, व हीं द्रव्यें वापरानें संपतात. ओटींतील बियाणें संपल्यावर पाभर कितीही ओढली तरी शेत पेरलें जात नाहीं; तद्वत् हीं द्रव्यें संपल्यावर चेंबर तेलानें भरलेला दिसला तरी इंजिनाचें रक्षण होत नाहीं. कमी झालेलें तेल वर घालणें व तेल बदलणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्या याच कारणानें.

पुष्कळ लोक गेजची पट्टी काढून तेल बोटांवर घेतात व काळें दिसलें म्हणजे बदलावयाचें, असा नियम करतात. डिझेल इंजिनास हा नियम लागू नाहीं. त्यांत नवें तेल थोड्याच तासांत काळें पडतें, व ती तेल काजळी उचलीत असल्याची खूण होय. उलट पेट्रोलच्या मोटारींत तेल बरेच दिवस स्वच्छ दिसतें, तेवढ्यावरून तें चांगलें असेलच असें नाहीं. पट्टीवरून समजण्याजोग्या गोष्टी निराळ्याच आहेत. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे. पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आल्यास इंधन उतरत आहे. चकाकणारे कण दिसल्यास धातु झिजत आहे. या तिन्ही प्रसंगीं यंत्र न चालवितां मिस्त्रीस दाखवावें.

मग बदलण्याची वेळ ठरवावी कशावरून? तर ट्रॅक्टरच्या मीटरवरील तासांवरून. नव्या ट्रॅक्टरचें पहिलें तेल बहुधा ५० तासांनीं काढतात, कारण नवे भाग एकमेकांस बसतांना निघालेला धातूचा कीस त्यांत असतो. त्यानंतर पुष्कळ ट्रॅक्टरांस २५० तासांची मुदत असते. नक्की आंकडा यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तकांत छापलेला असतो व तोच प्रमाण मानावा. आजच्या अनेक लहान मोटारींस १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं भरेल तें, अशी मुदत आहे. वर्षाची अट कित्येकांस निरर्थक वाटते. परंतु जी मोटार रोज दोन-चार किलोमीटर जाऊन उभी राहते तिचें तेल पुरतें तापतच नाहीं. त्यांत जमलेलें पाणी व इंधनाचा अंश उडून जात नाहीं, आणि कमी चालूनही तेल बिघडतें. विहिरीवरचें इंजिन पावसाळ्यांत बंद ठेवावयाचें असल्यास तेल त्यापूर्वींच बदलावें. आम्ल सांचलेलें जुनें तेल चार महिने आंत ठेवणें हिताचें नाहीं.

कोणी म्हणेल, यांत खर्च फार. तर हिशेब करून पाहावा. मध्यम ट्रॅक्टर ताशीं ३ ते ४ लिटर डिझेल जाळतो असें धरल्यास २५० तासांत ७५० ते १,००० लिटर डिझेल लागतें. तेवढ्या अवधींत इंजिनाचें तेल लागतें सुमारें ७-८ लिटर. तेलाचा भाव डिझेलच्या कित्येक पट असला तरी शंभर लिटर डिझेलमागें सुमारें एक लिटर तेल, एवढाच हा खर्च. मुदत लांबविल्यानें त्यांतील थोडा वांचतो, आणि धोक्यांत येतें संबंध इंजिन.

आतां कोणतें तेल घ्यावें तें पाहूं. डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ अशा खुणा असतात, त्या जाडपणाच्या. ही वर्गवारी अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या एसएई या संस्थेनें १९११ सालीं सुरू केली. ‘डब्ल्यू’ हें हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहूं लागून सर्व भागांस पोहोंचतें. नंतरचा आंकडा जितका मोठा, तितकें तें तापल्यावर जाड राहतें. पूर्वीं आपल्या ओळखीचें एरंडेलही या कामीं वापरीत. १९०९ सालीं निघालेल्या ‘कॅस्ट्रॉल’ तेलाचें नांव एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलें. एरंडेल उष्णतेंत टिकतें, पण कालांतरानें चिकटून बसतें, म्हणून तें मागें पडलें. आपल्याकडील ट्रॅक्टरांस बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० सांगितलेलें असतें. नव्या पेट्रोल मोटारींस मात्र ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असें पातळ तेल सांगतात, कारण त्यांची रचनाच त्या तेलाच्या हिशेबानें केलेली असते. ‘जाड तेल तेंच चांगलें’ ही समजूत तेथें घातक ठरते.

जाडपणाखेरीज प्रतही पाहावी. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारींत ‘सी’नें सुरू होणारी प्रत डिझेलची व ‘एस’नें सुरू होणारी पेट्रोलची. पुढील अक्षर जितकें नंतरचें तितकी प्रत अलीकडची. ‘सीआय-४’ ही २००२ सालची व ‘सीके-४’ ही २०१६ सालची. ता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर डिझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी बसूं लागली, तिला डीपीएफ म्हणतात. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांसही कडक नियम लागले व त्यांपैकीं कित्येकांत ती असते. या गाळणीस कमी राखेचें तेल लागतें. दुसरें घातल्यास राख सांचून ती तुंबते. मोटारसायकलींत क्लच बहुधा इंजिनाच्याच तेलांत बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी. मोटारीच्या तेलानें क्लच घसरण्याचा संभव असतो. ट्रॅक्टरच्या गिअर व हायड्रॉलिकचें तेल तर सर्वस्वी वेगळें. एकच डबा आणून सर्व यंत्रांत ओतणें म्हणजे ज्वारी, हरभरा व ऊस यांस एकच खत एकाच मात्रेनें देण्यासारखें आहे.

तेल ओळखीच्या दुकानांतून, सील पाहून व पावती घेऊन आणावें. रिकामा डबा भोंक पाडूनच भंगारांत द्यावा, म्हणजे त्यांत बनावट तेल भरून तो पुन्हां विकला जाणार नाहीं.

बदलतांना यंत्र सपाट जागीं थोडें चालवून बंद करावें व तेल कोमट असतां चेंबरचा नट काढावा. कोमट तेलाबरोबर गाळही निघून जातो. फिल्टर व नटाचा वॉशर नवा घालावा. तेल पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत भरावें, तिच्या वर नाहीं. अधिक तेल क्रँकनें घुसळलें जाऊन फेंस होतो, आणि फेंसाचा पडदा टिकत नाहीं. मग इंजिन दोन मिनिटें चालवून गळती पाहावी, व थोड्या वेळानें पुन्हां मोजावें. त्यानंतर वहींत तारीख, मीटरचे तास, तेलाची प्रत व लिटर लिहून पावती तींतच ठेवावी. जमिनीच्या बाबतींत कागदावर नोंद नसल्यास काय हाल होतात तें शेतकऱ्यास सांगावयास नको. चालक बदलला तरी वही राहते, व हमीच्या मुदतींत बिघाड झाल्यास तीच पुराव्यास येते.

काढलेलें जळकें ऑईल विहिरीच्या कांठीं, बांधावर किंवा ओढ्यांत ओतूं नये. तें झिरपून पाणी नासतें. जनावरांच्या जखमांस तें लावण्याची चालही टाकून द्यावी, कारण त्यांत धातु व अपायकारक द्रव्यें असतात. माणसाच्या कातडीसही तें वारंवार लागणें वाईट. २०१६ च्या नियमांप्रमाणें असें तेल घातक कचऱ्यांत मोडतें, व तें शुद्ध करून पुन्हां उपयोगांत आणतां येतें. सभासदांनीं गांवांत एक झांकणाचें पिंप ठेवून सर्वांचें तेल त्यांत जमवावें व परवाना असलेल्या संकलकासच द्यावें, अशी आमची सूचना आहे.

ज्या सभासदास आपल्या यंत्राचें तेल शेवटीं केव्हां बदललें हें सांगतां येत नसेल, त्यानें तें पेरणीपूर्वीं बदलावें आणि त्याच दिवसापासून वही सुरू करावी.