लांब पल्ल्याची धाव आणि शरीराची तयारी

हिवाळ्याच्या पहाटे इंदुरात रेसिडेन्सी भागातील झाडांखालून धावणारी माणसे दिसतात. त्यांतील पुष्कळांची मनीषा एकच असते. पाच किलोमीटर जमले, आता दहा. आणि मग एकदा थेट महू! इंदूर ते महू हे अंतर सुमारे २३ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनहून किंचित अधिक. मन तेथे केव्हाच पोहोचलेले असते. शरीराचे तसे नाही. आणि शरीराचे सगळे भाग तरी कोठे एका चालीने चालतात?

नियमित धावू लागल्यावर एकदोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढतो आणि हृदय एका ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते. मागाहून स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात. धाप कमी लागते, उमेद वाढते. घात होतो तो नेमका येथेच. हाडांची आणि स्नायूंना हाडांशी जखडणाऱ्या कंडरांची गती याहून फार मंद असते. हाडावर नवा भार पडला म्हणजे प्रथम त्यातील जुना अंश काढून टाकला जातो आणि मग नवा भरला जातो. हे काम पुरे होण्यास तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात हाड उलट दुबळेच असते. दम टिकतो एवढ्यावरून अंतर दुप्पट करणारा मनुष्य नडगीचे दुखणे घेऊन घरी बसतो, तो यामुळे.

बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ४२.७५ किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. भारताचा संघ तेथे गेला तो दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी त्यांनी पाहिले होते. शेतकऱ्यांचे ते पाय बालपणापासून चालून घडलेले. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी सांगू नये.

त्याने अंतर वाढवावे ते हाडांच्या चालीने. आठवड्यातून लांब धाव एकच, तीही सोबत्याशी बोलता येईल इतकी संथ. आणि तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका. दीड तासाच्या पुढे स्नायूंतील शर्करेचा साठा ओसरू लागतो, तेव्हा वाटेत थोडे गोड तोंडात टाकावे. पोहे-जिलेबी मात्र परतल्यावर! आषाढात पाच किलोमीटरांपासून आरंभ करणाऱ्यास माघातील थंडीत महू गाठता येईल. दिवाळीत आरंभ करणाऱ्याने पुढच्या हिवाळ्याची वाट पाहावी, कारण त्याची हाडे तयार होतील तेव्हा माळव्यात ऊन तापू लागलेले असेल.